बाबीनचे दात, मास्तरांचे हात

एक अत्यंत गंभीर बाब आज जाहीर करणं मला भाग आहे. ज्यांचं काळीज नाजूक असेल त्यांनी आधी घोटभर पाणी प्यावं, आणि माझ्या माहेरचं कुणी हे वाचत असेल तर त्यांनी सरळ खाली बसून घ्यावं. ऐका. माझ्या लग्नात आंदण म्हणून आलेल्या सागवानी पलंगाचा मागचा डावा पाय खरा नाही. तो सागाचा नाही, अमळनेरच्या सुताराने घडवलेला नाही, आणि माझ्या वडिलांनी स्वतः उभं राहून कापून घेतलेल्या झाडाचा तर अजिबात नाही. खरा पाय एका कुत्र्याच्या पोटात गेला, आणि ही गोष्ट इतकी वर्षं माझ्या पोटात राहिली.

आता त्या जागी जो पाय आहे तो बसवणारे गृहस्थ म्हणजे सुरतेतले आमचे घरमालक. नाव सांगत नाही. सांगूनही उपयोग नाही, कारण नवागाममध्ये त्यांना नावाने कुणी ओळखतच नव्हतं. सगळे 'मास्तर' म्हणायचे. शाळेचे नव्हेत. कापड विणायची लूम बिघडली की जो माणूस पाना घेऊन तिच्या पोटात शिरतो, त्याला तिकडे मास्तर म्हणतात. तरुणपणी धुळ्याकडून एक वळकटी घेऊन आलेले, तीस वर्षं लूम दुरुस्त करून त्यांनी नवागामला खाली दोन आणि वर दोन अशा चार खोल्या बांधल्या होत्या. वरच्या दोन भाड्याने. त्यातल्या एकीत नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, एका फाल्गुनात, मी नवी नवरी म्हणून उतरले.

ती खोली आम्हाला कशी मिळाली, तेही ऐकण्यासारखं आहे. आमचे हे लूमवर कारागीर होते. खोली बघायला गेले तेव्हा मास्तरांनी पगार विचारला नाही, गाव विचारलं नाही. एकच प्रश्न.

"धागा तुटला तर आधी काय करशील?"

"मशीन थांबवीन."

"खोली तुनी."

बस. याआधी तिघांना त्यांनी परत पाठवलं होतं. एक म्हणाला होता धागा जोडीन, एक म्हणाला शेठला सांगीन, आणि तिसरा म्हणाला दुसरा धागा आणीन. मास्तरांच्या मते हे तिघेही संसाराला नालायक होते.

मास्तरांचे कान त्यांच्याआधीच निवृत्त झाले होते. लूमच्या शेडला तिथं खातं म्हणतात. त्या खात्यात इतका खडखडाट असतो की तोंडाने बोलण्याचा काही उपयोग नसतो. सगळे हातांनीच बोलतात. तीस वर्षं हे केल्यावर मास्तर घरी आले आणि उरलेलं सगळं बोलणं तोंडाने बोलू लागले, तेही पूर्ण ताकदीनिशी. कुजबूज हा प्रकार त्यांना माहीत होता, पण त्यांची कुजबूज दिंडोलीच्या फाटकापर्यंत जायची. मी आल्यावर चौथ्याच दिवशी त्यांनी माझ्या नवऱ्याला बाजूला घेतलं आणि अगदी खाजगीत सांगितलं, "तुनी बायको चहा पातळ करस. पन तिले सांगू नको."

मी जिन्यात बादली घेऊन उभी. समोरच्या ओट्यावर भाजी निवडणाऱ्या गुजराती बेन मान वर न करता म्हणाल्या, "मास्तर, ए तो बधाने खबर छे!" म्हणजे ते गल्लीत सगळ्यांनाच ठाऊक झालं होतं.

जगात त्यांना दोनच गोष्टी दिसायच्या: धागे आणि गाठी. बादलीची कडी तुटली, बांधली. चष्म्याची काडी मोडली, बांधली. कोथिंबिरीच्या जुडीपासून दुधाच्या पिशवीपर्यंत सगळ्याला एका हाताने, न बघता, विणकराची गाठ मारायचे, आणि मग ती जिजींना सुटायची नाही. जिजी म्हणजे त्यांची बायको. ताटात भाकरी आली की मास्तर ती आधी उजेडाकडे धरून बघायचे, कापड तपासतात तशी. "ताणा बरोबर शे, बाणा सैल पडना," म्हणायचे आणि मग मोडायचे. जिजी म्हणायच्या, "भाकर खानी शे का नेसनी शे?"

त्यांचं एक वाक्य मात्र मी आजही वापरते, सुनेवर, नवऱ्यावर, बँकेतल्या माणसावर. "डाग कापडात दिसस, दोष मांगे ऱ्हास." कापडावर डाग दिसला म्हणून कापडाला शिव्या देऊ नका, मागे जा, मशीनमध्ये बघा. हे वाक्य त्यांनी तीस वर्षं सगळ्यांना ऐकवलं, आणि ज्या दिवशी स्वतःवर वेळ आली त्या दिवशी स्वतःच विसरले. ती वेळ म्हणजे बाबीन.

मास्तर निवृत्त झाले तेव्हा खात्यातल्या लोकांनी त्यांना शाल दिली, नारळ दिला आणि एक पिल्लू दिलं. शाल आणि नारळ मालकाकडून होते, पिल्लू कारागिरांकडून. अकरा नंबरच्या लूमखाली एका कुत्रीला झालेलं, तपकिरी रंगाचं, एक कान पांढरा. सुताच्या बाबीनसारखं इकडून तिकडे घरंगळत असायचं म्हणून नाव बाबीन. मास्तर त्याला शालीत गुंडाळून घरी घेऊन आले. जिजींनी नारळ ठेवून घेतला आणि शाल धुवायला टाकली. पिल्लाकडे बघून एवढंच म्हणाल्या, "हाऊ खवीस आठे ऱ्हावाव नही."

खवीस राहिला. वाढला. आणि त्याला दात आले.

मी पोहोचले तोवर त्याने जिजींच्या पाटाचा एक कोपरा, टीव्हीच्या लाकडी शटरची मूठ आणि टीपॉयचे चारही पाय अर्धवट संपवले होते. टीपॉय इतका बुटका झाला होता की त्यावर चहा ठेवला तर वाकून नमस्कार केल्यासारखं वाटायचं. त्याचा खरा डोळा होता पर्वत पाटियाच्या दुकानातून आणलेल्या सोफासेटवर. तो सोफा जिजींनी दोन्ही लेकी-जावयांना बसवण्यासाठी घेतला होता आणि एरवी त्यावर कुणालाच बसू द्यायच्या नाहीत. बाबीनने तो आतून खायला सुरुवात केली, म्हणजे पाठीमागून, भिंतीकडच्या बाजूने. एक दिवस मास्तर स्वतः त्यावर बसले आणि शांतपणे मागे कलत कलत भिंतीला टेकले. त्या दिवसापासून ते लोखंडी खुर्चीवर बसू लागले.

माझा पलंग ट्रकने आला, वर चढवला गेला, आणि आठव्या दिवशी दुपारी मला डुलकी लागली असताना तो एका कोपऱ्यात खचला. मी उठून बघते तर बाबीन शेपूट हलवत बसलेला, तोंडाला भुसा. मी रडायलाच लागले. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, दोन महिन्यांवर होती. खान्देशातल्या लेकीला आखाजी म्हणजे काय ते सांगायला नको. माहेरचं माणूस न्यायला येतं, झोके बांधलेले असतात, आमरस असतो. माझी तर पहिली आखाजी. न्यायला खुद्द आप्पा, माझे वडील येणार होते. आणि आल्याबरोबर आधी बघणार होते तो पलंग.

जिजी वर आल्या. पाय बघितला. खाली गेल्या आणि नवऱ्याच्या समोर उभ्या राहिल्या. मास्तरांना ऐकू यावं म्हणून त्यांनी जे सांगितलं ते आख्ख्या गल्लीला सांगितलं. आखाजीपर्यंत या कुत्र्याचं लाकूड खाणं सुटलं नाही, तर तो पलसाण्याला जाणार. पलसाण्याला जिजींचा भाऊ रतन एका डाईंग मिलमध्ये चौकीदार होता, आणि त्याला राखणीला कुत्रा हवाच होता. साखळीला बांधणार, फाटकावर ठेवणार.

त्या रात्री मास्तर जेवले नाहीत, हे जिजींनीच मला सांगितलं, आणि वर म्हणाल्या, "नाटकं."

दुसऱ्या दिवसापासून मास्तरांनी बाबीनला सुधारायचं मनावर घेतलं.

पहिला उपाय गल्लीने सुचवला: फर्निचरला तिखट लावा. मास्तरांना पटला. पण नुसतं तिखट उडून जातं, चिकटायला हवं, म्हणून त्यांनी जिजींच्या बरणीतला ठेचा घेतला. हिरवी मिरची, लसूण, शेंगदाण्याचं तेल. सोफ्याच्या, टीपॉयच्या, माझ्या पलंगाच्या प्रत्येक पायाला त्यांनी तो हाताने चोळला. इतका मन लावून की घरात उभं राहिलं तरी भूक लागायची. मग आम्ही सगळे दाराआड लपून बघत राहिलो.

बाबीन आला. टीपॉयचा पाय हुंगला. जीभ लावली. थांबला. डोळ्यांत पाणी आलं. मास्तरांनी माझ्या नवऱ्याचा हात दाबला. आणि मग बाबीनने तो पाय वरून खालपर्यंत असा चाटून काढला की पॉलिश उजळलं. ते झाल्यावर दुसरा. चारही संपल्यावर तो स्वयंपाकघराच्या दारात जाऊन भाकरीची वाट बघत बसला.

चूक आमची होती. जन्मापासून हे पिल्लू खान्देशी कारागिरांच्या डब्यांवर वाढलेलं. उरलेलं भरीत, शेवभाजीचा रस्सा, मिरच्यांची भाजी यावर त्याचा पिंड पोसलेला. त्याला ठेचा लावलेलं लाकूड म्हणजे आतापर्यंत कोरडं जेवत होतो, आज कुणीतरी तोंडीलावणं वाढलं! पुढचे चार दिवस त्याने दुप्पट वेगाने खाल्लं. जिजी चिडल्या खऱ्या, पण रिकामी बरणी धुताना मला म्हणाल्या, "मना ठेचा कोनीच असा पुसीसन खादा नही आजलोंग." त्या वाक्यात रागाइतकंच दुसरंही काहीतरी होतं. मी तेव्हा लक्ष दिलं नाही.

दुसरा उपाय ओरडण्याचा. पण कुठल्या भाषेत? मास्तरांनी रविवारी वीज बंद होती त्या दिवशी गल्ली जमवली. बाबीनला मधे बसवलं, पुढ्यात टीपॉय ठेवला, आणि एकेकाने त्याला रागवायचं. मास्तरांनी अहिराणीत सुरुवात केली. समोरच्या बेननी गुजरातीत "ना खवाय, बेटा" म्हटलं, ते इतकं गोड होतं की मलाच काहीतरी खावंसं वाटलं. यवतमाळकडचा एक गवंडी कमरेवर हात ठेवून म्हणाला, "काहून खाऊन राह्यला बे?" परभणीच्या वहिनींनी "कामून खायलास रे मुडद्या?" असं खास घरचं ऐकवलं. शेवटी एका ओडिया कारागिराने त्याच्या भाषेत लांबलचक काहीतरी सांगितलं. तो म्हणाला त्यात देवाचं नावही घातलंय. बाबीनने प्रत्येकाकडे आदराने बघितलं, प्रत्येकासाठी शेपूट हलवली, आणि टीपॉयचा उरलेला कोपरा काढून घेतला.

असे तीन आठवडे. मास्तर सकाळ-संध्याकाळ त्याच्या कानाशी ओरडायचे. तो त्यांचं तोंड चाटायचा. आखाजी जवळ येत होती, आणि मास्तर मधूनच उठून त्याच्या पांढऱ्या कानामागे बोटं फिरवत बसायचे, कापडाचा पोत बघावा तशी, दोन बोटांत धरून.

मग एक सकाळ उजाडली. आमचे हे रातपाळी करून आले. कान अजून खात्यातच, तोंडात तंबाखूची गोळी. मी पलंगाच्या दुसऱ्या पायाशी बाबीनला लाटण्याने हाकलत होते. "अहो, बघता काय? ओरडा की त्याच्यावर!" यांना तोंड उघडता येईना. यांनी सवयीने उजवा तळहात वर केला, सरळ, खांद्याच्या वर. खात्यात त्याचा अर्थ एकच: मशीन थांबव.

बाबीनने पाय सोडला आणि खाली बसला.

मी बघत राहिले. यांनी तर्जनी हवेत गोल फिरवली: मशीन चालू. बाबीन उठला. पुन्हा तळहात. पुन्हा बसला. हे खिडकीकडे धावले, तंबाखू थुंकली आणि ओरडले, "मास्तर! वर या!"

मास्तर वर आले. त्यांना तीनदा करून दाखवलं. मग ते जिन्याच्या वरच्या पायरीवर बसले आणि स्वतःचाच तळहात उलटासुलटा करून बघू लागले. मग म्हणाले, "खात्यात जन्मला तो. तिथं त्याने माणसाचा आवाज कधी ऐकला? हात बघितले फक्त. आणि मी घरमालक झालो म्हणून त्याच्या कानात बोंबलत होतो." मग स्वतःचंच जुनं वाक्य आठवून म्हणाले, "दोष मांगे व्हता. मी कापडालेच शिव्या दिध्यात."

त्या दिवसापासून घराचं खातं झालं. मास्तरांचे हात पुन्हा कामाला लागले. तळहात वर म्हणजे थांब. बोट गोल म्हणजे उठ, चल. हात तोंडाकडे म्हणजे जेवणाची सुट्टी. पण मास्तर म्हणाले, नुसतं थांबवलेलं मशीन कापड देत नाही. थांबवलं, आता काम द्या. त्याचे दात शिवशिवतात, तो बसून काय भजन करील? म्हणून ते खात्यातून झिजलेली शटल घेऊन आले. शटल म्हणजे धोटा, लाकडी, होडीसारखा, वर्षानुवर्षं तेल आणि सूत प्यालेला. टोकाचं लोखंड काढून टाकलं आणि ती शटल बाबीनसमोर ठेवली. शटलची खूण म्हणजे एक हात आडवा, पुढे-मागे, पुढे-मागे. ती खूण दिली की शटल घे आणि मनसोक्त चाव. सोफ्याला तोंड लावलं की तळहात. थांबला की लगेच शटलची खूण. शटल धरली की कानामागे दोन बोटं. दिवसातून शंभरदा. पहाटे त्याला दिंडोलीपर्यंत चालवून आणायचे, म्हणजे अर्धी खोडी रस्त्यातच जिरायची. दुपारी सगळं घर झोपलं, सामसूम झाली की त्याला लाकूड आठवतं, हे मास्तरांच्या लक्षात आलं, तेव्हा ते दुपारची झोप सोडून लोखंडी खुर्चीवर त्याच्याजवळ बसू लागले.

पंधरा दिवसांत गल्लीत सगळ्यांना खुणा येऊ लागल्या. बेन खिडकीतून तळहात दाखवायच्या. जिजी सोडून सगळे. जिजी म्हणायच्या, "मी काय लूम शे का? मना म्होरे हात नाचाडू नका."

माझ्या पलंगाचा पायही याच काळात मास्तरांनी केला. भंगारात निघालेल्या एका लूमच्या लाकडातून. रात्र-रात्र नव्हे, भर दुपारी, बाबीनवर एक डोळा ठेवून. रंग मिळवायला तीनदा पॉलिश आणलं. पाय बसवला तेव्हा मलाही आधी शोधावा लागला.

सगळं छान चाललं होतं आणि आखाजीच्या दहा दिवस आधी बाबीनने जिजींचं लाटणं खाल्लं.

मास्तरांनी खूप वाद घातला. लाटणं फर्निचरमध्ये येत नाही, असं त्यांचं म्हणणं. जिजींचं म्हणणं, लाकडात येतं ना? त्यांनी पलसाण्याच्या ट्रकवाल्याकडे भावाला निरोप पाठवला. मास्तरांनी शेवटी हात जोडले, आणि ती काही खात्यातली खूण नव्हती. तेव्हा कुठे जिजी एवढ्यावर आल्या: रतन येईल, दोर घेऊन येईल, स्वतः बसून बघेल. त्याच्या डोळ्यांसमोर लाकडाला एक दात लागला की कुत्रा त्याचा.

रतनमामा आले नेमके आप्पा आले त्याच दिवशी.

आप्पा सकाळच्या पॅसेंजरने उधन्याला उतरले, आंब्यांची टोपली डोक्यावर घेऊन. आमचे हे दिवसपाळीला गेलेले. मी खोली आरशासारखी केली होती. कोपऱ्यात पडलेली ती तेलकट चावलेली शटल बापासमोर नको, म्हणून ती पत्र्याच्या पेटीत टाकली. एवढंच मी केलं, आणि मला ते फार शहाणपणाचं वाटलं.

मास्तर भेटायला वर आले, बाबीनसकट. त्यांना मी खुर्ची दिली. आप्पा पलंगावर. रतनमामा खाकी कपड्यांत उंबऱ्यावर बसले, खांद्यावर दोराचं वेटोळं, गुडघ्यांवर मिलची जाड लाकडी लाठी आडवी. जिजी माझ्या चहाचा भरवसा नसल्याने स्वतःचा चहा ट्रेमधून घेऊन आल्या.

आता आप्पांबद्दल एक सांगायला हवं. आप्पांचे हात बांधले तर ते मुके होतील. त्यांची प्रत्येक गोष्ट हवेत काढून दाखवलेली असते. जिजींनी साखर विचारली, आप्पांनी तळहात वर केला, "बस, बस." बाबीन बसला. आप्पा गावातली वरात सांगू लागले, ती वेशीपासून कशी गोल फिरून आली ते बोटाने दाखवलं. बाबीन उठला आणि खोलीला एक चक्कर मारून आला. आंब्याचा रस कसा भुरकला ते सांगताना हात तोंडाकडे गेला, तर हा जिभल्या चाटत पुढ्यात हजर.

"मास्तर, कुत्रा फार समजदार हो," आप्पा खूश होऊन म्हणाले. "आल्यापासून माझ्याच तोंडाकडे बघतोय."

मास्तरांना ऐकू आलं नाही, पण चेहरा फुलला. रतनमामांनी दोर खांद्यावरून खाली घेऊन मांडीवर ठेवला.

"आणि हा पलंग!" आप्पा खाली वाकले. चार पायांतून त्यांनी नेमका मागचा डावा पाय धरला आणि बोटांनी ठोकला. "आवाज ऐका! खरा साग असा बोलतो." मी पदराचा बोळा तोंडात घातला. मास्तर गंभीरपणे मान हलवत होते. "उभं झाड मी कापून घेतलं. करवतीचं एक टोक सुताराच्या हातात, एक माझ्या. असं!" आणि आप्पांनी हात आडवा धरून करवत ओढायला सुरुवात केली. पुढे-मागे, पुढे-मागे.

बाबीनचे कान उभे राहिले. शटल घे. पाहुण्यांचा हुकूम. तो कोपऱ्यात गेला, शटल नाही. पेटी हुंगली, बंद. मग नाक वर करून त्याने वास घेतला आणि सरळ पलंगाच्या मागच्या डाव्या पायाशी गेला. तेल, सूत, खातं. लूमचंच लाकूड ते. त्याने तोंड उघडलं.

मास्तरांच्या एका हातात कप, एका हातात बशी. "नही!" ते गरजले. पत्रे थरथरले, बाबीनला त्याचं काय? माझ्या हातात गरम पातेलं. आणि तेवढ्यात धाडकन ट्रे जमिनीवर आदळला आणि जिजींचा उजवा तळहात वर गेला. सरळ, खांद्याच्या वर, तीस वर्षं खात्यात काढलेल्या माणसासारखा.

बाबीन बसला.

मास्तर बायकोकडे बघतच राहिले. जिजींनी घाईघाईने पदर सारखा केला आणि कुणाकडेही न बघता सांडलेला चहा पुसायला लागल्या. ही बाई कधी शिकली, कुठल्या दुपारी, कुणाच्या पाठीमागे, देव जाणे.

आप्पांना वाटलं, त्यांची करवत ऐकूनच सगळे चकित झाले. त्यांनी आणखी जोर लावला. "खर्र! खर्र!" पुढे-मागे, पुढे-मागे.

बिचारा बाबीन. घरची मालकीण सांगते थांब, पाहुणा सांगतो घे. त्याने पलंगाकडे बघितलं, जिजींकडे बघितलं, आणि दोघांचाही मान राखणारा मार्ग काढला. पलंग सोडून तो उंबऱ्याशी गेला, रतनमामांच्या गुडघ्यावरच्या लाठीचं टोक अलगद तोंडात धरलं, आणि कडकन चावलं.

रतनमामा ताडकन उठले. "ताई! मिलनी लाठी शे! देख, दात देख! मना डोयासमोर! आते काही बोलू नको, हाऊ कुत्रा मना." आणि त्यांनी दोराचा फास करायला सुरुवात केली.

मास्तरांनी कप खाली ठेवला. बशी खाली ठेवली. हात मोकळे झाले, पण त्या हातांत आता कुठलीच खूण नव्हती. ते नुसते मांडीवर पडून राहिले. आप्पांची करवतही हवेत थांबली. बाबीन लाठीचं टोक तोंडात घेऊन, शाबासकीसाठी पांढरा कान पुढे करून उभा.

तेवढ्यात हातातलं फडकं जमिनीवर आपटून, माझ्या बापासमोर, डोक्यावरचा पदर खांद्यावर घसरलेला, जिजी आपल्या सख्ख्या भावावर कडाडल्या:

"लेकरूना समोर लाठी धरीसन बसस, तुले काही अक्कल शे का रे?"